नाव बदलले आहे

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण सांगता सांगता पुढे ती माझ्या मार्गदर्शकांची, विद्यापीठाची, नीतिसमितीची आणि थोडीफार हैबती उतेकरांचीही आहे असं मला वाटायला लागतं.

मी महाडच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. नाव अनुपमा. पीएचडीचा विषय 'आंतरधर्मीय संबंध आणि धार्मिक विविधतेचे व्यवस्थापन'. हा विषय मी निवडला नाही, सरांनी दिला. मी बौद्ध, त्यामुळे हिंदू आणि मुसलमान यांच्या मधोमध मी आपोआप तटस्थ असणार, असं त्यांचं म्हणणं. पुण्यात बसून माणसाला असं वाटू शकतं. पोलादपूर तालुक्यातल्या सावरकोंडात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा गावातल्या जानकीबाईंनी आधी माझं आडनाव विचारलं आणि मग चहा दिला. हा क्रम मी नोंदवहीत लिहिला नाही.

सावरकोंड आंबेनळीच्या रस्त्याला आहे. पोलादपूरहून वडापच्या जीपनं अर्धा तास आणि तिथून वीस मिनिटं पायी चढ. बासष्ट घरं, त्यातली अकरा मुसलमानांची. गावाच्या वरच्या टोकाला एका पिराचा लहानसा दर्गा आहे आणि त्याचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो. पिराचा उरूस आणि तिथी पौर्णिमेची, हे ऐकून पहिल्याच दिवशी मी हरखून गेले होते. शोधायला आलेली गोष्ट दारातच सापडली की संशोधकानं खरं म्हणजे सावध व्हायला हवं. मी फक्त पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गलेफ. पिराच्या कबरीवर उरसाच्या दिवशी पहिली चादर चढते, तिला तिथे गलेफ म्हणतात. तो मुसलमानाच्या घरून येत नाही. तो रामा उतेकरांच्या घरी, त्यांची बायको जानकीबाई यांच्या हातानं शिवला जातो, आठ दिवस त्यांच्या देव्हाऱ्यात राहतो आणि पौर्णिमेच्या दुपारी रामा तो डोक्यावर घेऊन दर्ग्याला जातात. उंबऱ्यात इस्माईलभाई उभे असतात. दर्ग्याची दिवाबत्ती त्यांच्या घराकडे. ते मोठ्यानं विचारतात, "गलेफ कुनाचा?" दोघं सत्तरीचे, एका नदीत पोहायला शिकलेले, तरी विचारायचं असं, जसा कुणी परका दारात आलाय. मग रामांनी पूर्ण नाव सांगायचं, बापाच्या नावासकट: रामा गंगाराम उतेकराच्या घरचा. गावाला ऐकू जाईल असं. त्यावर इस्माईलभाई म्हणतात, "आत आन," आणि बाजूला होतात. एवढंच. नाव सांगितल्याशिवाय गलेफ आत जात नाही.

रामांनी मला सांगितलं होतं की त्यांच्या बापाचं नाव वर्षातून एकदा मोठ्यानं घेतलं जातं ते त्या उंबऱ्यावर. सातबाऱ्यावर आता मुलगा सुशांतचं नाव आहे, घरपट्टीच्या पावतीवरही त्याचंच. गंगाराम कुठेच उरलेला नाही, फक्त तिथे आहे.

आता आमचा फॉर्म. चाळीस प्रश्न होते. चौदावा प्रश्न होता, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर तुमचा विश्वास आहे का. रामा म्हणाले, नाही. कोणावर नाही, असं विचारलं तर म्हणाले, इस्माईलवर. इस्माईलभाईंना विचारलं तर तेही नाही म्हणाले, रामावर. रामानं पाच वर्षांपूर्वी त्यांची पहार नेली होती आणि ती आपलीच आहे असं तो आता सांगत फिरतो, म्हणून. दोघांच्या उत्तरांवरून आमच्या सहजीवन निर्देशांकात सावरकोंडाला शंभरात एकतीस गुण मिळाले, म्हणजे दंगलीच्या काठावरचं गाव. सरांनी मला फोन करून विचारलं की फॉर्म नीट भरलास ना. मी म्हटलं, नीट भरला, म्हणूनच असं आलंय.

मुलाखती घेताना प्रत्येकाकडून संमतिपत्र घ्यायचं असतं. त्यात लिहिलेलं असतं की तुमचं नाव गुप्त राहील. रामांनी सही केली ती पाच मिनिटं लावून, पूर्ण नाव लिहून, रामा गंगाराम उतेकर. मी ते पत्र त्यांना घाईघाईनं वाचून दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, त्यांना समजलं. त्यांना वाटलं, बाईनं आपलं नाव पुस्तकात घालायला सही घेतली. सही आणखी कशासाठी घेतात?

गेल्या डिसेंबरात विद्यापीठानं माझ्या प्रबंधातून सोप्या मराठीत एक पुस्तिका छापली. समाजाला काहीतरी परत द्यायचं, असं त्यांचं नवीन धोरण आहे. त्यात गलेफाची हकीकत चार पानं होती. नीतिसमितीच्या नियमाप्रमाणे मी नावं बदलली होती. रामांच्या जागी मी 'हैबती' असं नाव घातलं. का? तर आजच्या काळात हैबती नावाचा माणूस सापडणार नाही असं मला वाटलं. आडनाव काढून टाकलं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात टीप दिली, 'नावे बदलली आहेत.' वीस प्रती मी स्वतः जाऊन सावरकोंडात वाटल्या आणि सगळ्यांनी मला खोबऱ्याची वडी दिली. मी फार समाधानानं खाली उतरले.

बासष्ट घरांपैकी एका घराला सर्वेक्षणाच्या वेळी कुलूप होतं. फॉर्मवर मी 'घर बंद' असं लिहून पुढे गेले होते. त्या घराचा मालक तेव्हा भांडुपला मुलाकडे होता. गावात सगळे त्याला नुसतं भाऊ म्हणत, म्हणून त्याचं नाव माझ्या कानावर आलंच नाही. त्याचं नाव हैबती सखाराम उतेकर.

जानेवारीत इस्माईलभाईंचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारलं की ते पुस्तक तुम्हीच लिहिलंय ना. मी हो म्हटलं. मग म्हणाले, येऊन जा.

मी गेले तेव्हा इस्माईलभाईंच्या पडवीत हैबती बसलेले होते. उंच, वाळके, मुंबईत गिरणी आणि मग वॉचमनकी करून परत आलेले. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत माझी पुस्तिका. त्यांचे आजोबा आणि रामांचे आजोबा सख्खे भाऊ. गलेफाचा मान थोरल्या शाखेचा, म्हणजे त्यांचा, असं ते लहानपणापासून म्हणत आलेले. कुणी ऐकलं नव्हतं. आता पिशवीतून पुस्तिका निघाली, दुमडलेलं पान उघडलं आणि त्यांनी बोट ठेवून वाचलं, 'गलेफ हैबतीच्या घरी शिवला जातो.'

मी समजावलं. हे नाव मी मनानं घातलंय, तुम्हाला मी ओळखतही नव्हते. दुसरं पान काढून टीप दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"बदलली म्हंजे काय, बाई? आदी चुकीचं नाव चाललं व्हतं, तुमी तपास केलात आनि बदललंत. बरोबर हाय ना?"

मी त्यांना तीन वेगवेगळ्या रीतींनी सांगितलं. दर वेळी ते समजुतीनं मान हलवत आणि शेवटी पुस्तिकेवरच्या विद्यापीठाच्या शिक्क्याकडे बोट दाखवत. एका माणसाचं नाव लपवायला दुसरंच नाव लिहायचं, हे सांगताना माझं मलाच खुळ्यासारखं वाटायला लागलं. नाव लपवायचं तर रिकामी जागा सोडायची, असं इस्माईलभाईंची सून तसनीम चहा ठेवता ठेवता म्हणाली. हे नीतिसमितीतल्या सात जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

रामा तोपर्यंत येऊन पडवीच्या पायरीवर बसले होते. हैबतींशी भांडले नाहीत. माझ्याशीही नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले,

"सही माजी घेतलीत, बाई. नाव त्याचं लावलंत."

मला इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला.

खरा पेच इस्माईलभाईंचा होता. हैबतींनी महाडच्या बाजारातून हिरवं सॅटिन आणलं होतं आणि ते आपला गलेफ घेऊन येणार होते. रामा आपला घेऊन येणार. एका उंबऱ्यावर दोन गलेफ आजवर आले नव्हते. एकाला आत घ्यावं तर मुसलमानानं उतेकरांच्या भावकीत आग लावली असं होणार. दोघांना घ्यावं तर पुढल्या वर्षी पाच येणार. त्यांचा मुलगा अरसलान कुवेतला असतो. त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला की हे असंच संपवा अब्बा, चादर मी पाठवतो, आपल्याच घरची चढवा. गंमत म्हणजे रामांच्या सुशांतनंही मुंबईहून तेच कळवलं होतं: तिकडे चादर न्यायची आपल्याला गरजच काय. दोन्ही पोरं एकमेकांशी एक शब्द न बोलता एका मताची झाली होती. याला माझ्या प्रबंधात सलोखा म्हणायचं की काय, मला कळेना.

इस्माईलभाईंनी शेवटी सांगून टाकलं. दोन गलेफ आले तर ते दोन्ही परत पाठवणार आणि अरसलाननं पाठवलेली चादर चढवणार. यंदा आणि इथून पुढे. हे सांगताना ते रामांकडे बघत नव्हते.

मी सरांना फोन केला. म्हटलं, शुद्धिपत्रक काढू, खरं नाव छापू. सर म्हणाले, तसं करता येणार नाही, ओळख उघड केली तर नीतिसमिती प्रबंधच रोखेल. मग म्हणाले की तसं पाहिलं तर हे फार सुंदर उदाहरण आहे अनुपमा, याचं एक स्वतंत्र प्रकरण होईल. मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांचा फोन मध्येच ठेवला आणि नंतर दिवसभर, रेंज गेली होती असं कळवावं का, याचा विचार करत बसले. मी अशी शूर आहे.

पण पौर्णिमेपर्यंत माझं ठरलं होतं. प्रबंध रोखला तर रोखला. त्या उंबऱ्यावर मी उभी राहणार आणि गावासमोर सांगणार, पुस्तकातला हैबती म्हणजे रामा गंगाराम उतेकर. मी आरशासमोर उभी राहून वाक्यही पाठ केलं होतं.

पौर्णिमेला सकाळीच मी सावरकोंडात पोचले. जानकीबाई ओटीवर बसून गलेफाच्या शेवटच्या कडेला टाके घालत होत्या. हिरवं कापड, पिवळी किनार. यंदा त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. "ये गो बाय, बस," म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला. त्यांच्या हाताला कंप आहे. माझाही दोरा तिसऱ्या वेळी गेला.

रामा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. मी त्यांना माझा बेत सांगितला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते आत गेले आणि पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेला एक कागद होता. संमतिपत्राची प्रत. मीच दिली होती.

"वाचा," म्हणाले. "त्या दिशी तुमी लै भरभर वाचलात."

मी वाचलं. माहिती देणाऱ्याचं नाव संशोधक कोणत्याही परिस्थितीत, कोणालाही उघड करणार नाही. खाली त्यांची सही आणि शेजारी माझी.

"मग सांगू नका," रामा म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. वाटलं, ते रागावून बोलतायत. पण रागाची खूण चेहऱ्यावर नव्हती. त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी ते हैबतींच्या घरी जाऊन आले होते. दोन गलेफ गेले तर इस्माईल दार लावून घेणार, आणि एकदा लावलेलं दार पोरं पुन्हा उघडू देणार नाहीत, ना इस्माईलची ना रामाची. म्हणून गलेफ एकच जाईल. जानकीनं शिवलेलाच जाईल, कारण बाजारचा गलेफ पिराला चालत नाही, एवढं हैबतीही मान्य करतो. नेणार रामाच. पण उंबऱ्यावर नाव जे पुस्तकात आहे ते सांगायचं. हैबती त्यावर कबूल झाला आहे.

मी म्हटलं, पण ते खोटं आहे. रामा म्हणाले की खोटं मी कुठं लिहिलं, तुम्हीच लिहिलंत. टोमणा नव्हता. त्यांनी मला नुसती आठवण करून दिली.

मी विचारलं, "आणि तुमच्या वडलांचं नाव?"

ते जानकीबाईंच्या सुईकडे बघत म्हणाले,

"ते तुमच्या कागदावर हाय ना. माज्या सहीत. कपाटात कुलपात ठेवलंय म्हनलात. तिथं ऱ्हाऊ दे."

मी हो म्हटलं. संमतिपत्राची घडी घालून त्यांना परत दिली. खाली आणखी एक कलम होतं, ते मी वाचलं नाही.

दुपारी चारच्या सुमाराला गलेफ निघाला. पुढे ताशा, मग गलेफ डोक्यावर घेतलेले रामा, त्यांच्या मागे रिकाम्या हातानं हैबती, त्यांच्या मागे अख्खं गाव. बायका कडेनं चालत होत्या. चढावर रामा एकदाच थांबले, दम खाल्ला, हैबतींनी गलेफाला लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मी शेवटी चालत होते. माझ्या पर्समध्ये ते पाठ केलेलं वाक्य एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

उंबऱ्यात इस्माईलभाई उभे होते. त्यांना या व्यवस्थेची कल्पना कुणी दिली नव्हती. त्यांनी बघितलं की गलेफ एकच आहे आणि तो रामाच्या डोक्यावर आहे. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं हसू आलं. त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात विचारलं,

"गलेफ कुनाचा?"

"हैबती सखाराम उतेकराच्या घरचा," रामा म्हणाले.

ताशा थांबला. इस्माईलभाईंनी पुन्हा विचारलं, जसं काही त्यांना ऐकू गेलं नव्हतं. रीतीप्रमाणे हा प्रश्न एकदाच विचारायचा असतो. रामांनी तेच उत्तर दिलं. इस्माईलभाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, पण या वेळी आवाज गावासाठी नव्हता.

"गलेफ कुनाचा हाय, रे?"

रामांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. डोक्यावरचं ओझं जरा सावरून त्यांनी तिसऱ्यांदाही हैबतीचंच नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, स्पष्ट, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. नाव ऐकून हैबतींनी मागे वळून पाहिलं, कुणीतरी दुसऱ्याच माणसाला हाक मारली असावी तसं. सत्तर वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं आणि आता हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं.

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या गर्दीतून नेमकं माझ्याकडे. मी बोलावं म्हणून. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझी सही होती.

"आत आन," इस्माईलभाई म्हणाले आणि बाजूला झाले.

गलेफ चढला. लोबान पेटला, मलिदा वाटला. बाहेर पडल्यावर इस्माईलभाई आणि रामा दर्ग्याच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसले होते. मी जवळून गेले तेव्हा इस्माईलभाई विचारत होते की ती पहार आणून देणार आहेस का नाय. रामा म्हणत होते की पहार माझीच आहे. त्यांना चौदावा प्रश्न आज विचारला असता तर उत्तर तेच आलं असतं.

मला बघून रामा उठले. दोन पावलं माझ्याबरोबर आले. हलक्या आवाजात, अगदी माझी समजूत घालत असल्यासारखं म्हणाले,

"आता तुमच्या पुस्तकात चूक नाय, बाई."

मी पोलादपूरला येऊन महाडची एसटी धरली. खिडकीपाशी बसून त्या न वाचलेल्या कलमाचा विचार करत होते. ते मला तोंडपाठ आहे, मीच टाइप केलंय. संशोधन पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांनी सर्व संमतिपत्रे नष्ट केली जातील.